घारसुळक्याची दोरवही

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

ऋषीचा फोन आला. क्लबचा सेक्रेटरी, वय अठ्ठावीस, बोलतो मात्र असा की जणू क्लब त्यानेच काढला. २१ डिसेंबरला क्लबचा पन्नासावा वाढदिवस, सीवूड्सला हॉल बुक केलाय, स्मरणिका निघणार. इतिहासाचं प्रकरण मी लिहायचं. "काकू, तुमच्याशिवाय आहेच कोण?" म्हणाला.

खरंच कोण आहे? क्लब काढणारे अरविंद सर जाऊन अकरा वर्षं झाली. पहिल्या मुलामुलींपैकी नवी मुंबईत उरलो मी आणि सुधीर. सुधीर माझा नवरा, त्याच क्लबात भेटलेला. आता गुडघे गेलेत आणि बाल्कनीत बसून पेपर वाचतो. लेखाआधी डोकं साफ व्हावं म्हणून ही डायरी घेतली. इथे मनात येईल ते लिहायचं, लेखात शोभेल ते.

ऋषीने आणखी एक सांगितलं. समारंभात माझा सत्कार आहे. 'घारसुळक्यावर चढलेली पहिली महिला, फेब्रुवारी १९८१.' मी 'कशाला रे' म्हटलं. म्हणायचं असतं. फोन ठेवल्यावर कपाटातून मोरपंखी पैठणी काढून पाहिली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

माळ्यावरची पेटी सुधीरने सोसायटीच्या वॉचमनकडून खाली उतरवून घेतली. सगळ्या दोरवह्या निघाल्या. कितीतरी वर्षं त्या आमच्याकडेच आहेत. कापडी पुठ्ठ्याच्या, जाड रेघांच्या.

दोरवही हा सरांचा शोध. सर हिमालयात जाऊन गिर्यारोहणाचा कोर्स करून आले आणि १९७५ साली सात पोरं गोळा करून त्यांनी हा क्लब काढला. साधनं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून आणलेला जाड काथ्याचा दोर, लोहाराकडून ठोकून घेतलेल्या मेखा आणि रबाळ्याच्या एका कारखान्यातून मागून आणलेली पिवळी हेल्मेटं. आजच्या पोरांसारखे कमरेचे पट्टे नव्हते. दोर सरळ कमरेला गुंडाळायचा. खालचा माणूस तोच दोर स्वतःच्या पाठीवरून घेऊन बसायचा. वरचा घसरला तर पाठीची सालटी निघायची.

सरांचा नियम असा की चढाईची नोंद चढणाऱ्याने करायची नाही, दोर धरणाऱ्याने करायची. चढणारा वाढवून लिहितो असं त्यांचं मत होतं. दोर धरणाऱ्याने जे लिहिलं ते कायम. त्यावर वाद नाही, खुद्द सरसुद्धा खाडाखोड करायचे नाहीत.

दिवसभर वाचत बसले. हात धुळीने काळे झाले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज ऋषी घरी आला, सोबत एक मुलगी. रंजिता, घणसोली गावातली, सोळा वर्षांची. क्लबच्या कृत्रिम भिंतीवर शिकते, राज्य स्पर्धेत दुसरी आली. काटकुळी पोर, पण खुर्चीवर बसतानाही अंग कसं झेपावल्यासारखं. मला कुणाची तरी आठवण झाली.

"माझी आजी पण होती तुमच्या क्लबात," ती म्हणाली. "पुतळा पाटील. ती बोलते ती घारसुळक्यावर गेलेली. सत्तर-ऐंशी साली कधीतरी."

ऋषीचे डोळे असे चमकले की जणू लॉटरीच लागली. "काकू, तुमच्या आधी? मग ही तर स्टोरी आहे. दोरवहीत असेल ना?"

मी म्हटलं, बघते. चहा केला. माझ्याकडून साखर घालायची राहिली, पण दोघांनी न बोलता प्यायला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पुतळा. सत्तेचाळीस वर्षांनी हे नाव पुन्हा माझ्या घरात आलं.

सरळ लिहिते. १९७८ साली सरांनी मुलींचा पहिला कोर्स काढला, त्यात पहिलं नाव माझं. वडिलांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. दादरला दुकानं पालथी घालून मी हंटर बूट घेतले. घणसोलीमागच्या गवळीदेवाच्या डोंगरावर आमचा सराव चालायचा. एका कातळावर मी तिसऱ्यांदा घसरले, गुडघा फुटला, रडू यायच्या बेतात होते. तेवढ्यात एक मुलगी डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन, अनवाणी, त्याच कातळाच्या कडेने वर निघून गेली. वरून खाली वाकून पाहिलं आणि हसली. माझ्यावरच हसली.

सर बघतच राहिले. "हिला दोर लावा," म्हणाले. झालं. पुढच्या रविवारी पुतळा कोर्सला हजर. तिचा बाप गोटीराम मिठागरावर कामाला. फी नाही, बूट नाहीत, दुसरीत शाळा सुटलेली, लिहिता-वाचता येत नव्हतं. आणि महिन्याभरात सर सगळ्यांसमोर काय म्हणाले? "असे पाय मला कुणाला शिकवता आले नाहीत." मी शेजारीच उभी होते. माझे पाय मी बुटांत कोंबले होते आणि फोडांवर कापूस लावला होता.

सुधीरसुद्धा. तेव्हा आमचं लग्न ठरायचं होतं. तिची चढाई सुरू झाली की हा बिस्किटाचा पुडा हातात धरून, खायचं विसरून पाहत बसायचा. आज त्याला विचारलं, "तुला पुतळा आठवते?" ज्याला काल भाजी कसली होती ते आठवत नाही, तो पेपर खाली ठेवून म्हणाला, "घोरपडीसारखी चिकटायची कातळाला." मी कपबशी जरा जोरातच ठेवली.

रविवार, २३ नोव्हेंबर

पान सापडलं. मला कुठे आहे ते ठाऊकच होतं.

'२१ जानेवारी १९७९. घारसुळका. चढाई : पुतळा गो. पाटील. दोर : सुनीती. खोट्या माथ्यापर्यंत. शिखर गाठले नाही.'

अक्षर माझं, सुंदर.

लेखासाठी समजावून सांगते. कर्जतच्या पुढचा घारसुळका फसवा आहे. खालून जो माथा दिसतो तो खरा नाही. तिथे पोचलं की मागे आणखी चाळीस फूट उभा सुळका असतो, तो खालून दिसतच नाही. त्या दिवशी बाकी सगळे खिंडीत होते, सुळक्याच्या पायाशी कट्ट्यावर मी एकटी. पुतळा खोट्या माथ्यापलीकडे गेली आणि मला दिसेनाशी झाली. मग ती खाली आली आणि म्हणाली, वर गेलू. मी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की तिची फसगत झाली आहे, ती खोट्या माथ्यालाच शिखर समजली. कुणाचीही होते. सरांनी मान हलवली. दोर धरणारी मी, शब्द माझा. सर एवढंच म्हणाले, "पोरीचं मन मोडू नका. तिला आज कुणी काही बोलू नका."

मे महिन्यात तिचं लग्न झालं आणि ती क्लबात आली नाही. दोन वर्षांनी मी चढले. यात माझं काय चुकलं? मला दिसलं नाही. जे दिसलं नाही ते लिहिलं नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

ऋषीचा मेसेज: काकू, पान मिळालं का? मी लिहिलं, शोधतेय.

वाळवी लागली म्हणून सांगता येईल. जुन्या वह्यांना लागतेच वाळवी. किंवा एक वही रद्दीत गेली. अशा गोष्टी सुचतात आणि मग दिवसभर दुसरं काही सुचत नाही.

खरं म्हणजे मला भीती कसली? लिहिलंय ते माझ्याच बाजूचं आहे. पान दाखवलं की विषय संपला. तरी दाखवावंसं वाटत नाही.

रविवार, ७ डिसेंबर

घणसोलीला जाऊन आले. काय आठवतंय तिला, ते आधी काढून घ्यावं म्हणून.

गावात रिक्षा आत जात नाही, इतकी घरं दाटीने. पुतळाचं घर चार मजली, खालचे तीन भाड्याने दिलेले, वरचा तिचा. नवरा कान्हा मागेच गेला, मुलगा प्रीतम बिल्डरकडे कामाला. ती दारातच उभी होती. पासष्टी उलटली, केस पिकलेत, पण जिन्याच्या कठड्यावरून अशी वाकली की मला तो कातळच आठवला. माझ्यावर दोन मजल्यांत तीनदा थांबून दम घ्यायची वेळ आली. ती वरून म्हणाली, "सावकास ये गो, घाई नाय."

तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. माझ्यासाठी मुद्दाम बिनमासळीचं केलं होतं, सत्तेचाळीस वर्षांनी तिच्या हे लक्षात. मला ते बिरडं इतकं आवडलं की राग आला.

मग तिने नातीला जवळ बोलावलं, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "हिनं वाचून दावलेलं मना. तवा मना वाचता येत नव्हतं ना. कॅम्पावर शेकोटीजवल बसून वही उघरली आनी वाचलं." आणि डोळे मिटून, शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाली, "पुतळा गोटीराम पाटील, घारसुळका, शिखर, दुपारी बारा वीस."

रंजिता म्हणाली, "आजी हे रोज बोलते. आम्हाला सगळ्यांना पाठ आहे."

मी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसले. हे मी विसरले होते. नाही, विसरले नव्हते. त्या दिवशी तिने वही माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, वाच ना, माजं नाव कसं लागतंय आयकू दे. सरांनी सांगितलं होतं, मन मोडू नका. मी पानाकडे बघून वाचलं. पानावर होतं एक, तोंडातून निघालं दुसरं. बारा वीस हे तर मी तिथल्या तिथे रचलं.

निघताना पुतळा म्हणाली, "आता मना वाचता येतंय. नातीनंच शिकवलं, टाळेबंदीत. त्या दिवशी वही ठेवनार ना तुमी हॉलात? मी माज्या डोल्यांनी वाचीन."

येताना दोनदा चुकीच्या गल्लीत शिरले.

मंगळवार, ९ डिसेंबर

फाडावं का पान?

फाडलं तर तिच्या तोंडून ऐकलेलं तेवढं उरेल. लोक म्हणतील, म्हातारीची आठवण. माझी फेब्रुवारी ८१ शाबूत. पण शेजारची पानं सुटतील, शिलाई दिसेल. मी हे सगळं विचार करून पाहिलंय, लपवत नाही.

तिच्याकडे काय नाही? घर आहे, सून जागेवर ताट आणून देते, नात पदकं आणते. माझी अबोली टोरँटोला, महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल, तोही जेवण उरकता उरकता. पुतळाला घारसुळका आणखी कशाला हवा? माझ्याकडे तोच एक आहे.

सोमवार, १५ डिसेंबर

काल क्लबची सभा. रंजिताने आजीला आणलं होतं. सगळी पोरं तिच्या पाया पडली. कुणीतरी विचारलं, आजी, अनवाणी कशा चढायच्या? तिने चप्पल काढून तळवा दाखवला. वीस मोबाइल पुढे आले, फोटो काढायला, तळव्याचा! मी कोपऱ्यात इतिहासाचं प्रकरण हातात घेऊन बसले होते. बेचाळीस पानी. कुणी मागितलं नाही.

ऋषीने वही मागितली. मी पिशवीत आणली होती. दिली नाही. म्हटलं, समारंभाला स्वतः आणते.

घरी आल्यावर सुधीर म्हणाला, "तू हल्ली जेवत नाहीस." मग थोड्या वेळाने, "काय आहे त्या पानावर?" मी म्हटलं, जे आहे ते आहे. त्याने पुढे विचारलं नाही. कधीच विचारत नाही, तेच त्याचं वाईट.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते. कुणी वाचणार नाही म्हणून. त्या दिवशी वारा होता, हाक ऐकू येत नव्हती. अशा वेळी ठरलेली खूण असायची. वर पोचलेल्याने दोराला तीन झटके द्यायचे. मला तीन झटके बसले. पाठीवर, उजव्या खांद्याखाली. आणि दोर एकशेचाळीस फुटी होता, माझ्या हातात उरला होता जेमतेम दोन वाव, म्हणजे बारा फूट. खोटा माथा ऐंशी फुटांवर आहे. हिशेब कुणालाही येईल. मी तेव्हा म्हटलं, वाऱ्याने हलला असेल.

रविवार, २१ डिसेंबर

उशीर झालाय, पण आजच लिहायला हवं.

हॉल भरला होता. पुतळाची माणसं दोन गाड्या करून आली होती, अकरा जणं, बायका नऊवारीत, नाकात नथ. ती स्वतः लाल लुगड्यात, पहिल्या रांगेत. माझा सत्कार झाला, शाल, श्रीफळ. आणि ऋषीने माइकवर सांगून टाकलं की आता सुनीतीकाकू एक जुनं पान वाचतील, जे आजवर कुणी पाहिलं नाही.

वही माझ्या हातात. पान उघडं. पुतळा पुढे सरकून बसली, ओठ हलत होते, ती मनात ते म्हणतच होती. ती म्हणते तसंच वाचावं असं वाटलं. शिखर, बारा वीस. पण मग ती स्टेजवर येणार आणि स्वतः वाचणार.

मी लिहिलेलं वाचलं. 'शिखर गाठले नाही.' पुतळाचे ओठ थांबले.

मग मी म्हणाले की हे खोटं आहे. दोराला तीन झटके बसले होते, मी ते लिहिले नाहीत. मला तिचा हेवा वाटायचा. खात्री करून घ्यायला हवी होती, ती घेतली नाही. पहिली मी नाही, ती आहे. शाल काढून माइकच्या स्टँडवर ठेवली.

आधी एकाने टाळी वाजवली, मग सगळा हॉल उभा राहिला. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. पोरं रडत होती. कुणीतरी माझे पाय धरले. ऋषी माइकवर म्हणाला, हाच आपल्या क्लबचा वारसा. मला वाटलं, पाठीवरचं सत्तेचाळीस वर्षांचं ओझं उतरलं. खोटं कशाला लिहू, मला फार छान वाटलं.

भानावर आले तेव्हा पहिली रांग रिकामी होती. दोन्ही गाड्या गेल्या होत्या. न जेवता.

सोमवार, २२ डिसेंबर

ग्रुपवर सकाळपासून मेसेज. 'केवढं मोठं मन!' 'सलाम काकू.' अबोलीचा टोरँटोहून फोन, चक्क अर्धा तास. ऋषी म्हणतो, पुतळाआजींनी फोन उचलला नाही, गर्दीने भांबावल्या असतील.

सुधीरला मेसेज वाचून दाखवले. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "चढली ती, टाळ्या तुला."

दुपारी त्याच्याशी बोलले नाही.

रविवार, २८ डिसेंबर

वही घेऊन घणसोलीला गेले. नोंद दुरुस्त करायची होती. आणि लिहूनच टाकते, माफ केलं असं तिच्या तोंडून ऐकायचं होतं. तेवढं झालं की माझं सगळं छान बसणार होतं.

रंजिताने दार उघडलं, माझ्याकडे न बघता आत गेली. पुतळा गच्चीत जवळा वाळत घालत होती. बस म्हणाली नाही, मीच बसले. मी सुरुवात केली, पुतळा, मला तेव्हा खात्री नव्हती गं, दिसत नव्हतं तिथून.

तिने हात धुतले, पदराला पुसले, समोर येऊन बसली.

"सत्तेचालीस वर्सं मी पोरांना, सुनांना, नातवांना सांगत आलू," ती म्हणाली. "त्या हॉलात माजी पोरं माज्याकरे बघत होती. म्हातारी खोटं बोलत होती का काय, असं. तू पुढचं बोलंपर्यंत. तवा मना कसं झालं, तुला ठाव नाय."

मी वही पिशवीतून काढून मध्ये ठेवली.

"एक इचारतंय. सरांनी आपल्याला बांगड्या काढाया लावलेल्या ना चढाच्या आधी? एक मी कमरेला खोचली होती. निली, काचेची. माथ्यावर दगडाखाली ठेवून आलू. दोन वर्सांनी तू गेलीस तवा गावली का तुला?"

नाही म्हणता आलं असतं. पावसाळे होतात, वारा असतो, कुणीही मान्य केलं असतं. या डायरीतसुद्धा मी ते लिहिलं नव्हतं, झटके लिहिले तेव्हाही नाही. फेब्रुवारी ८१. खऱ्या माथ्यावर तीन दगड, मधल्याखाली निळी बांगडी. माझ्या मागून सुधीर वर येत होता. त्याचं डोकं दिसायच्या आत मी ती उचलली.

"सापडली," मी म्हणाले.

"कुठं हाय?"

"दरीत टाकली."

ती जरा पुढे सरकली. मग म्हणाली, "म्हंजे तुला पक्कं ठाव होतं."

"हो."

"हॉलात ते नाय बोललीस."

"नाही."

तिने वही माझ्यापुढे सरकवली. मी नेहमीच्या सवयीने 'मी, सुनीती' अशी सुरुवात केली. तिने बोट ठेवलं. "हितं तुजं नाव नको. बांगडीचं लिव." मी खोडलं आणि लिहिलं: 'पुतळा गोटीराम पाटील, २१ जानेवारी १९७९, खऱ्या माथ्यावर. खूण म्हणून निळी बांगडी ठेवली. फेब्रुवारी १९८१ मध्ये दोर धरणारीला ती सापडली, तिने ती दरीत फेकली.' खाली सही केली.

तिने वही डोळ्यांजवळ धरली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत गेली. 'खऱ्या माथ्यावर'पाशी थांबली, मागे आली, पुन्हा वाचलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दोन ओळींना तिला पाच मिनिटं लागली असतील, आणि त्या पाच मिनिटांतही मला तिचा हेवा वाटत होता. असं काही वाचायला मिळावं, असं मी आयुष्यात काही केलेलं नाही.

वाचून झाल्यावर तिने वही मिटून स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि वर हात ठेवले. क्लबची वही आहे ती, असं माझ्या ओठांवर आलं होतं. बोलले नाही. मी उठले, चपला घातल्या, आणि ती बसूनच होती.